आपल्यातून, आपल्याकडे

त्या वसंतात मी आणि आन्का 'ऑन' या शब्दावर अडकलो होतो. एवढासा शब्द, पण महिनाभर जागचा हलेना. इंग्रज माणूस बसच्या आत बसतो आणि म्हणतो, मी बसवर आहे. तो सोमवारवर भेटतो, आहारावर असतो आणि त्याचं घर पेटलं तर तेही आगीवर असतं. रोमेनियन माणूस बसच्या आत बसून आतच म्हणतो, सोमवारला कसलंही शेपूट न लावता भेटायला येतो आणि त्याचं घर ज्वाळांमध्ये जळतं. "आत आणि वर यातला फरक ज्यांना कळत नाही त्यांनी अर्ध्या जगावर राज्य केलं," आन्का म्हणायची, "आणि तू त्यांची बाजू घेतेस." मी कशाला घेऊ? आमच्यावरही त्यांनीच केलं होतं. पण तक्त्यातली इंग्रजी बाजू माझी आणि रोमेनियन बाजू तिची अशी वाटणी होती, त्यामुळे भांडायला आयतं निमित्त मिळायचं.

आमची कंपनी कापेल आन डेन आयसेल या डच गावातली, चौदा माणसांची. इथल्या काचघरांत टोमॅटो तोडायला आणि गोदामांत खोकी भरायला रोमेनियातून हजारो माणसं येतात. त्यांच्यासाठी सूचना, करारपत्रं, भिंतीवरचे फलक रोमेनियनमध्ये करून देणं हे आमचं काम. भाषांतर यंत्रच करायचं, पण यंत्र वाक्प्रचाराशी गाठ पडली की हमखास तोंडावर आपटायचं. 'अंडर द वेदर' वाटत असेल तर घरी राहा, अशी एक सूचना होती. म्हणजे बरं वाटत नसेल तर. यंत्रानं लिहिलं, हवामानाच्या खाली वाटत असेल तर. ते वाचून काचघरातल्या बायका छताकडे बघत बसल्या असतील. म्हणून आम्ही दोघी तो तक्ता करत होतो. एका बाजूला इंग्रजीतले सगळे ऑन, ऑफ, ॲट, अंडर आणि त्यांना लटकलेले वाक्प्रचार, दुसऱ्या बाजूला रोमेनियन, आणि शेवटच्या रकान्यात आन्काचे टोमणे.

मी पद्मजा, मूळची नाशिकची. बावीस वर्षांपूर्वी लायडनला भाषाशास्त्रात संशोधन करायला आले, डॉक्टर झाले, आणि कुणाचा ताप उतरवता येत नाही अशा डॉक्टरला जी नोकरी मिळते ती मिळाली. स्वभावानं खडूस. लोक बोलत असताना मी त्यांची वाक्यं मनात सुधारत असते, आणि ते त्यांना कळतं. एकटी राहते यात कुणाला नवल वाटत नाही. आन्का मात्र टिकली. ती शेजारच्याच फ्लॅटमध्ये राहायची, सातव्या मजल्यावर. आमच्या दोन बाल्कन्यांमध्ये दुधी काचेची एक भिंत होती आणि खाली आयसेल नदी.

मार्चच्या मध्यावर कोरोनामुळे ऑफिस बंद झालं आणि दिवसांचे सांधे सुटले. रॉटरडॅमचं विमानतळ जवळ, एरवी दर थोड्या वेळानं डोक्यावर घरघर असायची. आता आभाळ नुसतं निळं. पाऊस नाही, ढग नाहीत, ऊन रोज तेच. खिडक्याखिडक्यांत लोकांनी मुलांसाठी कापडी अस्वलं बसवली होती, ती दिवसभर रिकाम्या रस्त्याकडे बघत असायची. आमची नदी समुद्राच्या भरतीला उलटी वाहते. हे मला माहीत होतं, पण तासन्‌तास बसून ते पाहिलं त्याच वर्षी. पाणी सावकाश थांबायचं, जरा वेळ कुठेच जायचं नाही, आणि मग आल्या वाटेनं परत निघायचं. दुपारी डोळा लागला की मला स्वप्नात तक्ता दिसायचा. पण त्यात नामं नसायची. नुसतं 'खाली', कशाच्या खाली ते नाही. नुसतं 'मधून', नुसतं 'पलीकडे'. ती अव्ययं नदीवरून तरंगत जायची आणि मला त्यांना काहीतरी धरायला द्यायचं असायचं, पण हात उचलत नसे.

आन्काची आई फेब्रुवारीअखेर तीन आठवड्यांसाठी म्हणून आली होती. तिचं नाव लेनुत्सा, वय एकाहत्तर. सूटकेसमध्ये कपडे थोडे आणि मनुक्यासारख्या काळ्या आलुबुखारांच्या मुरांब्याच्या बरण्या जास्त. मग विमानं बंद झाली आणि तान्ती लेनुत्सा इथंच अडकली. तान्ती म्हणजे मावशी, ओळखीच्या थोरल्या बाईला तिकडे तसंच म्हणतात. तिला इंग्रजी येत नव्हतं, डच तर नाहीच. मला रोमेनियन वाचता यायचं तक्त्यापुरतं, बोलता यायचं त्याहून कमी. तरी आमचं जमलं, कारण ती भाषा आतून आपल्यासारखी निघाली. इंग्रज म्हणतो, मी थंड आहे. तान्ती म्हणायची, मि-ये फ्रिग, मला थंडी. झोपही तिला यायची, भूकही तिलाच लागायची, आणि वाईटही तिला वाटायचं. माणूस कर्ता नसून या सगळ्या गोष्टी त्याच्याकडे येतात, हे नाशिकच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. आणि इंग्रजांचा 'ऑफ', तो तिच्याकडे 'दे पे' होता. दे म्हणजे 'घरून'मधला आपला 'ऊन' प्रत्यय, पे म्हणजे वर. वरून! हे मला सापडलं तेव्हा मी बाल्कनीत अक्षरशः टाळी वाजवली. आन्का काचेपलीकडून म्हणाली, "आई, घाबरू नकोस, तिला प्रत्यय सापडलाय."

तान्तीचं प्रत्येक दुसरं वाक्य 'ला नोई'नं सुरू व्हायचं. ला नोई म्हणजे आमच्याकडे. आमच्याकडे पाव असा नसतो, आमच्याकडे खिडक्यांना पडदे असतात, आमच्याकडे शेजारीण आजारी असली तर पत्र पाठवत नाहीत, सूप पाठवतात. माझ्या साऱ्या आत्या आणि मावश्या एका बाईत जमा झाल्यासारखं वाटायचं. दिवसभर ऐकून ऐकून ते दोन शब्द माझ्या जिभेवर बसले.

मार्चच्या शेवटी आन्काला ताप आला. तिसऱ्या दिवशी तिला वाक्य पुरं करता येईना. घरच्या डॉक्टरांनी फोनवरच तिचा श्वास ऐकला आणि अँब्युलन्स पाठवली. पांढऱ्या कपड्यांतली दोन माणसं तिला चाकांच्या खुर्चीतून नेत होती तेव्हा ती माझ्या दाराकडे बघून एवढंच म्हणाली, "आईला मराठीत सांग, तिला कळतं." पाच दिवसांनी तिला व्हेंटिलेटरवर ठेवलं. प्रत्येक रुग्णामागे एकाच माणसाला रुग्णालय फोन करणार होतं, आणि तो माणूस मी होते. माझं डच भाजी घेण्यापुरतं आणि नगरपालिकेशी भांडण्यापुरतं, म्हणून तिथला तरुण डॉक्टर माझ्याशी इंग्रजीत बोलायचा. रोज दुपारी दोनला. मी त्याची वाक्यं कागदावर उतरवायची, आन्काच्याच तक्त्यातून शब्द शोधून रोमेनियन करायची आणि बाल्कनीत जाऊन काचेपलीकडे वाचून दाखवायची. तान्तीचे विलगीकरणाचे दिवस संपले होते, पण दीड मीटर अंतराचा नियम होताच, आणि तिला तिची काचेशेजारची खुर्ची सोडवत नव्हती. दुधी काचेतून मला तिचा फक्त रंग दिसायचा, निळा झगा आणि वर पांढरं डोकं. ताप कमी. फुप्फुसं जशीच्या तशी. आज पालथी झोपवली. ती प्रत्येक वाक्य स्वतःशी एकदा म्हणायची आणि मग विचारायची, "आणि?" आणि काही नसायचं.

बारा दिवस असे गेले. तेराव्या दिवशी, गुरुवारी, फोन आला तेव्हा डॉक्टरचा आवाज फार दमलेला होता. मागे कुणीतरी हाका मारत होतं. तो म्हणाला, आज सकाळी आम्ही तिला मशीनवरून काढलं. साधं वाक्य, त्यात साधा 'ऑफ'. मग म्हणाला की हे सोपं नव्हतं, आईला सांगा. रोज तो 'उद्या बोलू' म्हणून फोन ठेवायचा. त्या दिवशी म्हणाला, "स्टेर्क्ते, मेव्हरौ." मेव्हरौ म्हणजे बाई, स्टेर्क्ते म्हणजे बळ. माणूस गेलेल्या घरी पाठवायच्या कार्डांवर हाच शब्द छापलेला असतो. सुपरमार्केटच्या रांगेत उभी राहून मी तो किती वेळा वाचलाय.

मी त्याला धन्यवाद म्हणाले.

मी, जी पोस्टमनलाही उलट प्रश्न विचारते, ती एक शब्द विचारू शकले नाही. कारण हे वाक्य मला आधी एकदा ऐकवून झालं होतं. तीन वर्षांपूर्वी माझे वडील, आमचे अण्णा, नाशिकला आयसीयूत होते. मी तिकीट काढून बसले होते. धाकट्या भावाचा, विनयचा, फोन आला आणि तो म्हणाला, "ताई, व्हेंटिलेटर काढला." एवढंच. मराठीत यानंतर काही सांगायचं उरत नाही, ऐकणाऱ्यानं विचारायचं नसतं. व्हेंटिलेटर लावतात त्यातून माणूस येतो किंवा येत नाही, पण 'काढला' असं फोनवर सांगतात तेव्हा तो गेलेला असतो. मी ते वाक्य त्याच खिडकीशी उभी राहून ऐकलं होतं. आता आन्का.

कागदावर काय लिहिलं ते मला आठवत नाही. बाल्कनीत गेले. निळा रंग आधीच उठून उभा होता. मी म्हटलं, "तान्ती. आउ स्कोस-ओ दे पे अपाराते." तिला मशीनवरून काढलं. एकही चूक नाही, प्रत्ययसुद्धा जागच्या जागी. असल्या वेळीही माझ्या डोक्यातली मास्तरीण तपासून घेत होती, याची मला लाज वाटली.

पलीकडे ती ओरडली. "स्लावा दोम्नुलुई! स्लावा दोम्नुलुई!" दोम्नुल म्हणजे देव, तेवढं मला कळलं. माणूस देवाचं नाव घेणारच. ती मोठ्यानं रडायला लागली, काचेवर तळवे आपटायला लागली, आणि मी या बाजूनं त्या तळव्यांवर माझे तळवे ठेवले. काच उन्हानं कोमट झाली होती. नदी त्या वेळी थांबलेली होती, ना इकडे ना तिकडे. मी तशीच किती वेळ उभी होते कोण जाणे.

मग काचेवरून एक चाळणी पुढे आली. ती चाळणी हलवत तान्ती काहीतरी मागत होती. "चापा, चापा!" म्हणजे कांदा. मी कांदे द्यायला लागले तर म्हणे, नको, टरफलं हवीत. आता मराठी बाईच्या घरी कांद्याच्या टरफलांना तोटा नसतो. पिशवी तळाशी झटकून मी चाळणी भरून दिली. तिच्या गावाकडे गेलेल्या माणसासाठी काहीतरी करत असतील, आपल्याकडे नाही का तांदूळ आणि काळे तीळ लागत, असं मला वाटलं. विचारायचा धीर झाला नाही. थोड्या वेळात तिकडून कांद्याची टरफलं उकळल्याचा वास यायला लागला, तांबूस, मातीसारखा. आणि त्या वासाबरोबर गुणगुणणं.

मी खुर्चीवर बसून ऐकत राहिले. ते रडगाणं नव्हतं. मध्येच ठेका होता, मध्येच चमच्यानं भांड्यावर टकटक. हिला कळलेलंच नाही! मशीनवरून काढली म्हणजे दुसऱ्या खाटेवर ठेवली असं समजली की काय ही बाई? म्हणजे मला परत सांगावं लागणार होतं, आणि या खेपेला सरळ, आडपडदा न ठेवता.

तक्ता उघडला. वाक्प्रचारांच्या पानावर 'पास अवे' होतं. आन्कानं त्याच्यासमोर तीन पर्याय दिले होते. पहिला विझली, दुसरा सरळ मेली, आणि तिसरा, आ प्लेकात दिंत्रे नोई. दिंत्रे म्हणजे मधून, नोई म्हणजे आपण. आपल्यातून गेली. जसं आपण म्हणतो अगदी तसंच, प्रत्ययाला प्रत्यय. शेवटच्या रकान्यात आन्काचा टोमणा होता, "हा यंत्राला शिकवू नकोस. सूचनाफलकावर कोण आपल्यातून जाणार आहे?" ती ओळ मी पाचसहा वेळा वाचली आणि तेव्हा रडले, त्याच्या आधी नाही. मग कागदाच्या एका तुकड्यावर पेन्सिलीनं मोठ्या अक्षरांत लिहिलं, आन्का आ प्लेकात दिंत्रे नोई. आरशासमोर उभी राहून म्हणून पाहिलं. दिंत्रे, दिंत्रे.

हे काचेआडून सांगायचं नाही, तोंडावर सांगायचं, असं ठरवून मी बाहेर व्हरांड्यात गेले, तिच्या दाराची घंटा वाजवली आणि दीड मीटर मागे सरले. कागद मुठीत होता. तान्तीनं दार उघडलं. तिचे हात मनगटांपर्यंत तांबडे झाले होते, गाल सुजलेले होते, आणि ती हसत होती. तिच्या त्या हसण्याकडे बघून कागदावरचं सगळं माझ्या डोक्यातून पुसलं गेलं.

"तान्ती," मी म्हणाले, "आन्का... आ प्लेकात..." आणि पुढचा शब्द येईना. मधून की कडून की कडे? स्वप्नातली ती सगळी अव्ययं एकदम डोळ्यांपुढून तरंगत गेली आणि जिभेवर जे बसलेलं होतं तेच बाहेर पडलं. "...ला नोई."

आन्का आपल्याकडे निघाली.

तान्तीचे डोळे मोठे झाले. "ला नोई? आझी?" आझी म्हणजे आज. मी मान हलवली. आजच गेली ना, सकाळी. "दा," मी म्हटलं. हो. "आझी."

तिनं स्वतःच्या बोटांचं चुंबन घेऊन ते माझ्याकडे हवेत फेकलं आणि आत पळाली. एकाहत्तर वर्षांची बाई पळाली. मी परत घरात येऊन दाराला पाठ लावून जमिनीवर बसले. बाहेरून धपधप आवाज येत होते. बघते तर ती गालिचा कठड्यावर टाकून झोडपत होती. मग खिडक्या पुसल्या. मग शेजारच्या डच म्हाताऱ्याला दूरवरून हात करून काहीतरी सांगितलं आणि त्यानं अंगठा दाखवला. दुःखानं माणसाला भ्रम होतो असं मी ऐकलं होतं. आपण एका म्हातारीला वेड लावलं, आणि तेही चुकीचं शब्दयोगी अव्यय वापरून, हे मला तेव्हाच समजलं. दारातून वळतानाच कानात घुमलं होतं, ला नोई, ला नोई. परत जाऊन सांगायला हवं होतं. तिसऱ्यांदा. मी बसूनच राहिले.

साडेचारला मी रुग्णालयाला फोन लावला. म्हटलं, निदान एवढं तरी विचारावं की आईला पाहायला देतात का, शेवटचं. वॉर्डमधल्या नर्सनं फोन घेतला. मी माझ्या मोडक्या डचमध्ये आन्काचं नाव सांगून विचारलं की तिला आता कुठे ठेवलंय.

"खिडकीजवळच्या खाटेवर," नर्स म्हणाली. "झोपलीय. दोन चमचे फ्ला खाल्ला आणि तोंड वाकडं केलं. तिला बहुतेक व्हॅनिलाचा आवडत नाही."

फ्ला म्हणजे खोक्यातून ओततात ते कस्टर्ड. इथं रुग्णालयात पहिल्यांदा तेच देतात. आन्काला तो आवडत नाही, मला माहीत आहे, गेली सात वर्षं ती त्याला भिंतीला लावायचा गिलावा म्हणते.

"खाल्ला?" मी म्हणाले. "जिवंत आहे ती?"

नर्स अगदी हळू बोलू लागली, लहान मुलीशी बोलावं तशी. सकाळी नळी काढली, मेव्हरौ. ती स्वतःचा श्वास स्वतः घेतेय. डॉक्टरांनी सांगितलं नाही का? त्यांची या वॉर्डातली पाळी आज संपली, सगळ्यांचा निरोप घेऊन गेले ते. अजून दोन-तीन आठवडे तरी लागतील घरी यायला, तिला चालायलासुद्धा परत शिकावं लागेल. पण हो, जिवंत आहे.

मी काय बोलले ते आठवत नाही. तिला मी मराठीत 'बाई गं' म्हणाले एवढं नक्की. मग अनवाणी धावत गेले.

दार उघडंच होतं. दीड मीटर वगैरे काही डोक्यात राहिलं नाही, मी सरळ आत. टेबलावर पांढरी चादर, तीन ताटं, मधोमध एका थाळीत गडद तांबडी अंडी, तेल लावून चकचकीत केलेली. त्यांचा ईस्टर त्या वर्षी आमच्या इथल्यापेक्षा आठवडाभर मागे होता आणि अंडी त्या आधीच्या गुरुवारी कांद्याच्या टरफलांत उकळून रंगवतात, हे मला नंतर कळलं. तान्तीनं फुलांचा ब्लाऊज घातला होता, केस विंचरले होते, आणि ती खिडकीशी उभी राहून खालच्या रस्त्यावर गाडीची वाट बघत होती.

मी हसत होते, रडत होते. "तान्ती, नु आझी," म्हटलं. आज नाही. मोकळ्या हाताची बोटं दाखवून सांगितलं, दोन आठवडे, तीन आठवडे. तिचा चेहरा हळूहळू उतरला. तिनं टेबलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला आयुष्यातली सगळ्यात चांगली बातमी मिळाली होती आणि तीच बातमी ऐकून ती खुर्चीत बसली. ती म्हणाली, तू सांगितलंस आज. तू सांगितलंस ला नोई. तर मग तुला काय म्हणायचं होतं?

मी खोटं बोलू शकले असते. पण मूठ अजून मिटलेलीच होती, तिचं लक्ष तिकडे गेलं. भाषांतरकार मुलीची आई ती. तिनं माझी बोटं एकेक करून उघडली आणि तो घामानं भिजलेला कागद काढून उजेडात धरला. पेन्सिलीची मोठी अक्षरं. आन्का आपल्यातून गेली.

"नु!" मी ओरडले. "नु, नु! चूक! माझी चूक!" हे शेवटचं मराठीत. तिला कळलं असावं. ती कागदाकडे बघत राहिली, मग घड्याळाकडे, मग माझ्या सुजलेल्या डोळ्यांकडे आणि अनवाणी पायांकडे. दोन वाजल्यापासून ती अंडी रंगवत होती आणि काचेच्या माझ्या बाजूला तिची मुलगी मेलेली होती, हे तिनं माझ्या तोंडावर वाचलं. उठली, आणि माझ्या डोक्यात एक टपली मारली. चांगली सणसणीत. मग त्याच तांबड्या हातांनी माझं डोकं छातीशी ओढून घेतलं.

नंतर तिनं मला तिसऱ्या ताटावर बसवलं. मुलीच्या ताटावर. कोबीत गुंडाळलेला भात, मटण, जाड पाव, सगळं एकदम वाढलं आणि समोर बसून म्हणाली, खा. मी पहिला घास घेतला आणि मला तो गिळता येईना.

अण्णा गेले तेव्हा विमान चुकलं आणि मी पोचले नाही. आपल्याकडे सुतकाच्या घरी चूल पेटवत नाहीत, शेजारचं कुणीतरी पिठलं-भात आणून ठेवतं आणि जबरदस्तीनं खायला घालतं. मी या इमारतीत तीन दिवस चीज आणि पाव खाल्ला होता, उभ्याउभ्या, आणि कुणाला सांगितलंही नव्हतं. रडलेही नव्हते. ते सगळं आता त्या कोबीच्या घासाबरोबर वर आलं. मी टेबलावर डोकं टेकून मोठ्यानं रडायला लागले, हुंदके देऊन, लहानपणीसारखी.

तान्ती घाबरली. तिला वाटलं, मी अजून आन्कासाठीच रडतेय. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत एकच शब्द परत परत म्हणत राहिली, "त्रायेश्ते. त्रायेश्ते, पाद्मा." जिवंत आहे. जिवंत आहे. मी कुणासाठी रडतेय हे सांगायला माझ्याकडे तिच्या भाषेत शब्द नव्हते, आणि माझ्या भाषेत होते तरी ते मी तिला सांगितले नाहीत. तिच्या हाताखाली मान हलवत मी म्हणत राहिले, दा, तान्ती, दा.